सक्करदरा (नागपूर): 8 मीटर खोदकाम, शेजारचं घर किती खचेल?

नवा_साइट_इंजिनीअर:
दोन मजली बेसमेंट, खोली 8 मीटर. कडेपासून 4 मीटरवर जुनं दुमजली घर, पाया उथळ. वर 3 मीटर काळी माती, खाली मुरूम. खोदकामाशेजारची जमीन किती खचते ते दाखवणाऱ्या पेकच्या 1969च्या आलेखात मऊ चिकणमातीचा पट्टा खोलीच्या 2 टक्क्यांपर्यंत जातो, म्हणजे 160 मिमी! शेजारचे आजोबा रोज येऊन विचारतात. त्यांना काय सांगू?

मुरूमवाला:
भाऊ, 160 सांगू नका. एक तर तो आकडा अगदी कडेचा आहे, 4 मीटरवर तो उतरतो. दुसरं, तुमची जागा त्या पट्ट्यातली नाहीच. खरी मऊ चिकणमाती म्हणजे समजा 20 किलोपास्कल ताकद. ढोबळ हिशोब करा: तळाची माती किती भार झेलेल? 5.7 (ठरलेला गुणक) गुणिले 20, म्हणजे 114. वरच्या मातीचं वजन (घनमीटरला 17 किलोन्यूटन) 17 गुणिले 8, म्हणजे 136. तळच फुगून वर येईल. तळाचा सुरक्षा गुणांक (ताकद भागिले भार) दीडच्या खाली गेला की खड्ड्याची आधारभिंत झपाट्याने सरकू लागते, हे माना आणि क्लफ या संशोधकांनी 1981 मध्ये दाखवलं. तुमच्या तळाशी मुरूम आहे, ती भीती इथे नाही.

घट्ट मातीसाठी क्लफ आणि ओ'रूर्क (1990) यांची सरासरी बघा: खचणं खोलीच्या 0.15 टक्के, म्हणजे 12 मिमी. पण ही सरासरी आहे, हमी नाही, आणि त्यात शोरिंग (भिंतीला दिलेला आधार) वेळेवर लागलं हे धरलेलं आहे. पहिला स्ट्रट (भिंतीला रेटून धरणारी आडवी तुळई) लागेपर्यंत भिंत मोकळी उभी असते आणि तुमची काळी माती नेमकी तिथेच, वरच्या 3 मीटरमध्ये आहे. म्हणून पहिला स्ट्रट वर घ्या, लवकर घ्या. माती तपासायचे बोअर कधी घेतले?

नवा_साइट_इंजिनीअर:
मे महिन्यात. तीच ताकद सॉफ्टवेअरमध्ये टाकली.

धरमपेठकर:
खोदकामाआधी आजोबांच्या घरातल्या सगळ्या भेगांचे तारखेसह फोटो काढा, त्यांना सोबत घेऊनच. नंतर भांडण नको.

मुरूमवाला:
मेमधली काळी माती दगडासारखी असते. भेगांमधून पाणी शिरलं की जुलैत तीच माती चपलेला चिकटते. वरच्या थराची ताकद ओल्या नमुन्यावर पुन्हा काढा. सिंगापूरच्या निकोल हायवेवर 2004 मध्ये असंच खोदकाम कोसळून 4 जणांचा जीव गेला. तिथे मॉडेलने मऊ सागरी मातीला होती त्यापेक्षा जास्त ताकद दिली होती, त्यामुळे भिंतीचं सरकणं कमी दिसलं. स्ट्रटचे सांधेही कमजोर निघाले. इनक्लिनोमीटर (आडवं सरकणं मोजणारी उभी नळी) मुरमाच्या खाली पक्क्या खडकात रोवा, नाहीतर त्याचं बूडच सरकेल आणि वाचन खोटं येईल. पहिलं वाचन खोदण्याआधी.

आजोबांना सांगा की 10-15 मिमीचा अंदाज आहे, दर आठवड्याला लेव्हल घेऊन (घर किती खाली गेलं ते मोजून) त्यांना दाखवू, आणि 15च्या वर गेलं तर काम थांबवू. पण खरंच थांबवा. पाऊस येऊन राहिला, काठावरून वाहणाऱ्या पाण्याची नाली आजच काढा.