आततायी : अर्थ आणि वापर

प्रश्न

'उगाच आततायीपणा करू नकोस' असं आमच्या घरी सर्रास म्हणतात. तिथे अर्थ एवढाच, की उतावळेपणाने टोकाला जाऊ नकोस. बातम्यांत मात्र 'आततायी शक्ती', 'आततायी प्रवृत्ती' असं येतं, तेव्हा जुलमी किंवा रक्तपात करणारे असा अर्थ निघतो. त्यात परवा एका प्रवचनात 'आततायीला मारल्याचं पाप लागत नाही' असं ऐकलं. अहिंसेला परम धर्म म्हणणाऱ्या परंपरेत ही मोकळीक नक्की कोणाविरुद्ध आहे? मूळ शब्दाचा अर्थ काय?

प्रतिसाद १

आतत म्हणजे ताणलेलं. धनुष्याची दोरी ताणून चालून येणारा तो आततायी. शुक्ल यजुर्वेदाच्या रुद्राध्यायात 'नमो रुद्रायाततायिने' असं रुद्रालाच वंदन आहे. (कृष्ण यजुर्वेदाच्या तैत्तिरीय पाठात 'आतताविने' येतं.) तिथे ही शिवी नाही, सज्ज धनुर्धराचं वर्णन आहे.

धर्मशास्त्रात शब्दाला दोष चिकटला. वसिष्ठ धर्मसूत्रात सहा आततायी मोजले आहेत: आग लावणारा, विष घालणारा, मारायला शस्त्र उगारलेला, धन लुटणारा, शेत बळकावणारा आणि बायको पळवणारा. प्रवचनातलं वाक्य बहुधा मनुस्मृतीतल्या ८.३५० या श्लोकावरून आलं असावं: 'गुरुं वा बालवृद्धौ वा ब्राह्मणं वा बहुश्रुतम् । आततायिनमायान्तं हन्यादेवाविचारयन् ॥' गुरू असो, बालक असो, म्हातारा असो की विद्वान ब्राह्मण, आततायी होऊन चालून आला तर विचार न करता मारावा. टिळकांनी 'गीतारहस्या'च्या 'कर्मजिज्ञासा' प्रकरणात अहिंसेला अपवाद दाखवताना हाच श्लोक घेतला, म्हणून मराठी वाचकाच्या तो कानावर असतो.

लोक 'हन्यात्' पाठ करतात आणि 'आयान्तम्' गाळतात, याचं मला फार वाईट वाटतं. आयान्तम् म्हणजे या क्षणी अंगावर येत असलेला. काल आला होता किंवा उद्या येईल असं वाटतं, त्याच्याबद्दल हा श्लोक बोलतच नाही. गुरूचं नाव यादीत आहे तेही यासाठीच. माणूस कोण आहे हे बघायचं नाही, तो काय करतो आहे ते बघायचं.

विज्ञानेश्वर तर याहून सावध आहे. याज्ञवल्क्यस्मृतीवरची त्याची 'मिताक्षरा' ही टीका कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात लिहिली गेली आणि महाराष्ट्रात पुढे शतकानुशतकं प्रमाण मानली गेली. मनूचा श्लोक म्हणजे गुरुब्राह्मणांना मारण्याची आज्ञा, असं तो मानत नाही. मारण्याचा हेतू न ठेवता, स्वतःच्या रक्षणासाठी त्यांना अडवताना चुकून मृत्यू आलाच, तर राजदंड नाही, पण लहानसं प्रायश्चित्त आहे, असा त्याचा निर्णय. प्रायश्चित्त आहे हे महत्त्वाचं. आणि गीतेत (१.३६) अर्जुन कौरवांना आततायी म्हणतो, तरी त्याच ओळीत यांना मारून पापच लागेल असंही म्हणतो. तेव्हा 'पाप लागत नाही' हे इतकं सरळ कधीच नव्हतं.

प्रतिसाद २

जैन परिभाषेची भर घालतो, कारण तिथे हे फार बारकाईने मांडलं आहे. हिंसा चार प्रकारची: संकल्पी (मारायचं ठरवून केलेली), आरंभी (स्वयंपाक, झाडलोट अशा घरकामातली), उद्योगी (शेती-व्यवसायातली) आणि विरोधी (हल्ला परतवतानाची). मुनीला चारही वर्ज्य. श्रावकाने, म्हणजे गृहस्थ जैनाने, संकल्पी हिंसा सोडलीच पाहिजे. बाकीच्या शक्य तितक्या कमी करायच्या. श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराच्या पायाशी 'श्रीचावुण्डराजें करवियलें' हा शिलालेख आहे, मराठीच्या इतिहासात आपण तो शिकतो. तो चामुंडराय गंग राजांचा सेनापती होता. लढाया मारलेला माणूस, आणि श्रद्धेने जैन. मात्र विरोधी हिंसेचं नाव तिथेही हिंसाच राहिलं आहे, तिला कोणी पुण्य म्हटलेलं नाही.

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. मग 'वध' या शब्दाचं काय? अफझलखानाचा आपण वध म्हणतो, खून म्हणत नाही. वध म्हटलं की मारणं योग्य ठरतं का?

प्रतिसाद १

रूढीने तशी छटा आली आहे खरी. कंसवध, कीचकवध या कथांनी ती पक्की केली. पण शब्दात समर्थन नाही. कायद्याच्या मराठीत 'सदोष मनुष्यवध' हा गुन्हा आहे! १० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडाच्या पायथ्याशी खान मोठी फौज घेऊन स्वराज्यावर चालून आलेला होता. तिथे बचावाचं कारण प्रसंगात आहे, वध म्हटल्याने ते आलेलं नाही.

याच शब्दाने ३० जानेवारी १९४८ ची, गांधीजींना मारल्याची घटना झाकायचा प्रयत्न होतो, म्हणून स्पष्ट लिहितो. प्रार्थनेला निघालेला ७८ वर्षांचा निःशस्त्र माणूस कोणावर चालून येत नव्हता. मनूच्या श्लोकातही तो बसत नाही, मिताक्षरेतही नाही. ती हत्याच.

भारतीय न्याय संहितेतही बचावाच्या हक्काला अशीच मर्यादा आहे. बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करता येत नाही, आणि धोक्याची भीती संपली की हक्कही संपतो.

प्रतिसाद ३

प्रश्नात बातम्यांचाही उल्लेख होता, म्हणून बातमीत काय लिहावं तेही सांगतो. उतावळ्या, टोकाच्या कृतीला 'आततायी' म्हणायला हरकत नाही, तो अर्थ मराठीत रुळला आहे. 'आततायी निर्णय', 'आततायीपणा' बिनधास्त लिहावं. शस्त्र घेऊन हल्ला करणाऱ्याला सरळ 'हल्लेखोर' म्हणावं. एखाद्या आख्ख्या जातीला किंवा धर्माच्या माणसांना 'आततायी' हे विशेषण लावलेलं दिसलं, तर मी तरी संपादनात ते कापतो.