समुद्रकिनारी पक्षी बघायला आणि फोटो काढायला शिकायचंय, सुरुवात कुठून करू?

पंचवटीकर
नमस्कार मंडळी, मी नाशिकचा. मागच्या हिवाळ्यात अलिबागजवळ आक्षीला गेलो होतो, किनाऱ्यावर पोचेपर्यंत अकरा वाजले, ओहोटी लागलेली, पाणी पार लांब गेलेलं आणि पक्षी म्हणजे नुसते ठिपके. जवळ जावं म्हणून चालत गेलो तर अख्खा थवा उडाला. शंभरेक फोटो काढले, एकही धड नाही. कुरव (सीगल) तेवढे ओळखू आले, बाकी ते बारके करडे पक्षी सगळे सारखेच वाटतात. दुर्बीण ८x४२ आहे, लेन्स ७०-३००. जानेवारीत परत जायचंय, आधी काय शिकू?

टिटवी
भाऊ, आधी दोन-चार रविवार नांदूरमध्यमेश्वरच्या धरणावरच्या पक्षी अभयारण्यात घालवा. २०२० मध्ये रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळालेली राज्यातली पहिली पाणथळ जागा आपल्या निफाडात आहे, तिचा फायदा घ्या. कॅमेरा पहिल्या दिवशी बॅगेतच राहू द्या. थंडीत या पक्ष्यांचा रंग फिका असतो, म्हणून रंगावर जाऊ नका, चाल बघा. चिखल्या (प्लोव्हर) तुरुतुरु पळतो, गपकन थांबतो आणि एकदाच टोचतो कारण तो डोळ्याने भक्ष्य शोधतो, तुतवार (सँडपायपर) मात्र चालता चालता चिखलात चोच खुपसतच राहतो, त्याला चोचीच्या टोकाने किडा कळतो. एवढं डोळ्यात बसलं की आक्षीचे निम्मे ठिपके सुटतील.

खाडीकाठ
टिटवीताईंचं बरोबर आहे, पण दादा तुमची खरी चूक वेळेची झाली. आमच्याकडे जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, म्हणजे दशमीला साधारण साडेसात, एकादशीला सव्वाआठ. थोडं मागेपुढे होतं, त्यामुळे मोबाईलवर भरतीचं वेळापत्रक बघूनच निघा. भरतीच्या दोन तास आधी वाळूत बसायचं, पाणी चढतं तसे पक्षी स्वतःच तुमच्याकडे सरकत येतात. आपला किनारा पश्चिमेचा, सकाळी ऊन पाठीमागून येतं आणि पक्ष्याच्या डोळ्यात चमक येते, संध्याकाळी नुसत्या काळ्या सावल्या मिळतात.
पोटावर झोपा, कोपरं वाळूत रोवा, कॅमेरा पक्ष्याच्या डोळ्याच्या उंचीला आला की ३०० ची लेन्ससुद्धा पुरते. उडत्या पक्ष्याला शटरचा वेग १/१६०० सेकंदापेक्षा कमी नको, आणि पांढऱ्या कुरवाला एक्सपोजर थोडं कमी ठेवा नाहीतर पिसं जळतात. वाळूत लेन्स बदलू नका, घरी आल्यावर खाऱ्या हवेचा चिकटपणा ओलसर कपड्याने पुसून घ्या.
आणि कळकळीने सांगतो, पक्ष्यांनी खाणं थांबवून माना वर केल्या की तिथेच थांबायचं. पार सायबेरिया-तिबेटातून आलेले असतात, परतीच्या प्रवासाची चरबी याच चिखलातून साठवतात, फोटोसाठी थवा उडवू नका.

पंचवटीकर
ते माना वर करणं मला दिसलं होतं, अर्थ माहीत नव्हता म्हणून पुढे गेलो, आता नाही जाणार. दोघांचे मनापासून आभार. रविवारी पहाटे पाचला निघून चापडगावच्या बाजूने धरणावर जातोय, फक्त दुर्बीण घेऊन. नाशिकचं कोणी येणार असेल तर गाडीत तीन जागा आहेत.