बाली का मॉरिशस? (सोसायटी ग्रुप, रविवार सकाळ)

बी-२०४ काका: ताई, आमच्या लग्नाला ४० वर्षं होतायत, मुलगा मागे लागलाय परदेशात जाऊन या म्हणून. बाली का मॉरिशस? तू रोज लोकांना पाठवतेस, तूच सांग. थोडक्यात सांग, चष्मा सापडत नाहीये

सी-१०३ टूरवाली ताई: काका मॉरिशस. झालं थोडक्यात

ए-५०२: ताईंना विचारायचंच कशाला, त्या काश्मीर विचारलं तरी मॉरिशस सांगतात 😂

सी-१०३ टूरवाली ताई: बरं मग ऐका आता लांब. पहिल्यांदा गेले तेव्हा मीपण सगळ्यांसारखं हॉटेल, बीच, बोट एवढंच केलं, खाणंपिणं सगळं पॅकेजमधे त्यामुळे गेटच्या बाहेर पाय नाही टाकला, आणि चौथ्या दिवशी चक्क कंटाळा आला. मग एकटीच राजधानीच्या, म्हणजे पोर्ट लुईच्या, मार्केटात गेले. तिथे एक माणूस गाडीवर ढोल पुरी विकत होता. दिसायला आपली पुरणपोळी, आत डाळच भरलेली, फक्त गोड नाही. एक मागितली तर दोनच देतात, जोडीनेच मिळते, वर घेवड्याची भाजी, टोमॅटोचा रस्सा, हिरव्या मिरचीची चटणी आणि कागदात गुंडाळून हातात. फूटपाथवर उभी राहून खाल्ली, चटणी कोपरापर्यंत ओघळली. तिथून जे प्रेमात पडले ते पडलेच

डी-३०१ काकू: डाळीची पोळी आणि गोड नाही?? मग काय उपयोग

सी-१०३ टूरवाली ताई: काकू गोडाला आलूदा आहे की, फालुद्याचाच भाऊ, सब्जा घातलेलं थंड दूध 😄

सेक्रेटरी: कृपया लक्ष द्या, बी विंगच्या टाकीची मोटर दुपारी १२ ते २ बंद राहील. पाणी भरून ठेवणे.

बी-२०४ काका: पण आम्ही बीचवर काय करणार या वयात. तिची गुडघेदुखी आहे

सी-१०३ टूरवाली ताई: बीच संध्याकाळी तासभर पुरे काका. एक गाडी आणि ड्रायव्हर सांगते, बेट एवढुसं आहे की तासा-दीड तासात या टोकाचे त्या टोकाला. गंगा तलावला न्या काकूंना, डोंगरात तळं आहे, धुकं असतं, स्वेटर ठेवा, शंकराची १०८ फुटी मूर्ती आहे. आणि पोर्ट लुईला आप्रवासी घाट चुकवू नका. टूरवाले शेजारच्या कॉदाँला शॉपिंगला तीन तास देतात आणि घाट बसमधनं दाखवतात, माझी त्यावरून दोन एजंटांशी भांडणं झालीत. १८३४ पासून ऊसमळ्यात राबायला आपली माणसं बोटीने नेली, करारावर, जवळजवळ साडेचार लाख, त्यात रत्नागिरी-सावंतवाडीकडचीपण होती. बोटीतनं उतरलं की याच घाटाच्या १६ दगडी पायऱ्या चढायच्या. त्या पायऱ्या अजून आहेत. बाकी बघायला फार काही नाही खरं सांगायचं तर, पण मी तिथे दर वेळी पाच मिनिटं गप्प उभी राहते

ए-५०२: म्हणजे मराठी लोक आहेत तिकडे? बोलतात?

सी-१०३ टूरवाली ताई: घरात क्रिओल बोलतात, फ्रेंचवरून झालेली तिकडची बोली, मराठी म्हाताऱ्यांना येतं थोडंफार, मुलं शाळेत शिकतात. पण गणेश चतुर्थीची सरकारी सुट्टी आहे तिथे! कास्काव्हेलला गेले होते एकदा गणपतीत, पश्चिम किनाऱ्याजवळचं गाव, विसर्जनाला झाकरी नाचत होते, आपली कोकणातली जाखडीच की. एका आजींनी माझी साडी चाचपून बघितली आणि विचारलं "तू गावाची?" कुठल्या गावाची ते ना त्यांना माहीत ना मला कळलं, मी आपली हो म्हटलं

डी-३०१ काकू: अगंबाई

बी-२०४ काका: कधी जायचं मग? मे मधे सुट्टी असते नातवाला

सी-१०३ टूरवाली ताई: मे चांगला, सप्टेंबर-ऑक्टोबरपण. जून ते ऑगस्ट तिकडे थंडी आणि पूर्वेकडे वारा फार, स्वस्त हॉटेल दाखवून तिकडेच पाठवतात लोक, तर पश्चिमेला किंवा उत्तरेलाच राहा. जानेवारी ते मार्च वादळं. व्हिसा आधी काढायला लागत नाही. घड्याळ दीड तास मागे. पण माझं ऐकाल तर गणपतीत जा

बी-२०४ काकू (काकांच्या फोनवरून): घरचा गणपती सोडून?? काहीतरीच

सी-१०३ टूरवाली ताई: काकू तुमचा दीड दिवसाचा ना, विसर्जन करून निघा

बी-२०४ काकू (काकांच्या फोनवरून): तिकडचं तोवर झालेलं असेल ना ग विसर्जन

सी-१०३ टूरवाली ताई: हो ते आहे, बहुतेकांचं लगेचच होतं

डी-३०१ काकू: यंदा धाकट्या जाऊबाईंकडे द्या की गणपती, दरवर्षी मोदक तुम्हीच का वळायचे

बी-२०४ काका: ताई, ही म्हणते संध्याकाळी घरी ये चहाला आणि फोटो घेऊन ये. चष्मा सापडला, फ्रिजवर होता

सेक्रेटरी: मोटर बंद केलेली आहे. ज्यांनी पाणी भरलं नाही त्यांनी ग्रुपवर विचारू नये.