काळ्या मातीवर घरासमोरची बाग: पायवाट, दगड आणि मिश्र लागवड कशी आखावी?

बेसा_पश्चिममुखी

नागपूरच्या बेसा भागात घर आहे. पुढची मोकळी जागा ३० फूट रुंद, घरापासून फाटकापर्यंत २० फूट. तोंड पश्चिमेला, माती भारी काळी. सध्याची फरशी सिमेंटवर बसवलेली आहे. ती दोन पावसाळ्यांत मध्ये खचली आणि कडांना उचलली गेली. ती काढून ४ फुटांची पायवाट, काही मोठे दगड आणि देशी-विदेशी झाडं असं सगळं मिसळून करायचं आहे. लॉन नको. घरातलं जुनं जातं, पाटा आणि दगडी उखळही त्यात बसवायचं आहे. तीन प्रश्न आहेत. फरशी पुन्हा खचू नये म्हणून खाली काय घालावं? नवतपा (मेअखेरीचे सर्वांत तापणारे नऊ दिवस) कोणती झाडं सोसतील? आणि एवढं सगळं ठेवून बाग भंगाराच्या दुकानासारखी दिसू नये, यासाठी काय करावं?

फरशीकाम

भाऊ, काळी माती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसते. सिमेंटचा ताठ थर तिच्याबरोबर हलू शकत नाही म्हणून तडकतो. पायवाट लवचिक थरांवर बसवा, सिमेंट फक्त कडेच्या दगडांना वापरा.

४ फुटांच्या वाटेसाठी ५ फूट रुंद आणि १ फूट खोल खोदा. तळाला जिओटेक्स्टाइल, म्हणजे पाणी झिरपू देणारं कृत्रिम धाग्यांचं कापड अंथरा. हे कापड नसलं तर पावसात गिट्टी चिखलात उतरते आणि चिखल वर येतो. प्लास्टिकची ताडपत्री चालत नाही, पाणी अडतं. त्यावर ६ इंच मुरूम, तो ३-३ इंचांच्या दोन थरांत, पाणी शिंपून आणि धुम्मस मारून. मग ४ इंच ४० एमएम गिट्टी. तिच्या फटी १० एमएम गिट्टीने बुजवा, नाहीतर वरची चुरी हळूहळू आत झिरपते आणि दगड एका कोपऱ्यावर डुलायला लागतो. वर दीड इंच चुरी (दगडाचा बारीक चुरा) आणि शेवटी दगड.

सामान साधारण असं लागेल: मुरूम पाऊण ब्रास, म्हणजे ७५ घनफूट (दाबल्यावर तो चतुर्थांश तरी बसतो), गिट्टी ४० घनफूट, चुरी १५ घनफूट, दगड तुटफुटीसह ८८ चौरस फूट. दगड किमान दीड इंच जाडीचा घ्या. पाऊण इंचाची शहाबादी फरशी चुरीवर स्कूटर गेली की मधोमध तुटते. पॉलिश केलेला कोटा पावसात घसरतो, म्हणून खडबडीत पृष्ठभागाचा मागा. काळा कडप्पा तर पश्चिमेच्या उन्हात अनवाणी चालता येणार नाही इतका तापतो.

बहुतेक ठिकाणी चूक होते ती यापुढे. काळ्या मातीतला हा खड्डा म्हणजे हौदच. पाणी गिट्टीतून उतरतं आणि तळाशी साचतं. म्हणून खड्ड्याच्या तळालाही घराकडून फाटकाकडे २० फुटांत ४ इंच उतार द्या आणि तळाशी छिद्रांचा ४ इंची पाइप टाकून पाणी बाहेर काढा. रस्ता तुमच्या अंगणापेक्षा वर असेल, तर पाइप शोषखड्ड्यात सोडा. पण तो काळी माती संपून मुरूम लागेपर्यंत खोल हवा, अर्धवट खोल शोषखड्डा भरून वाहतो. आणि दगड बसवण्याआधीच वाटेखालून दीड इंची दोन रिकामे पाइप आडवे टाका, एक ठिबकसाठी, एक दिव्यांसाठी.

बेसा_पश्चिममुखी

हौदाचा मुद्दा डोक्यातच नव्हता, आभार. हे काम मे महिन्यात करू का? तेव्हा माती कोरडी असते, खोदणं सोपं जाईल.

फरशीकाम

मे टाळा. तेव्हा माती सर्वांत जास्त आकसलेली असते, भेगांत अख्खी मूठ जाते. त्यावर वाट बसवली तर मृगाच्या पावसात सगळं वर उचललं जाईल. नोव्हेंबर ते जानेवारी उत्तम, ओल मध्यम असते. मेमध्येच करणं भाग असेल, तर खड्ड्यात तीन-चार दिवस हलकं पाणी मारून माती आधी फुगू द्या. आणखी एक: घराच्या जोत्याला लागून वाफा करू नका. तिथे रोज पाणी पडलं की पायाजवळची माती फुगत-आकसत राहते. ३ फूट पट्टा गिट्टीचा ठेवा, त्याचा उतार घरापासून बाहेर.

संत्रापट्टा

झाडांविषयी. काळ्या मातीत खड्डा खणून पिशवीतलं रोप सरळ लावलं की पावसाळ्यात मुळं कुजतात. दोन्ही बाजूंना १ ते दीड फूट उंचीचे उंचवटे करा: ४ घमेली लाल माती किंवा बारीक मुरूम, ३ घमेली काळी माती, ३ घमेली पूर्ण कुजलेलं शेणखत. कच्चं शेण घातलंत तर उधळी (वाळवी) येणारच. सजावटीला लाकडाचे ओंडकेही जमिनीत पुरू नका.

उन्हाला टिकणारी: पांढरा चाफा एक, कामिनी, तगर, पिवळा टेकोमा, फाटकावर बोगनवेल, दगडांच्या खाचांत घायपात आणि कोरफड, कडेला गवती चहाचे ५-६ ठोंब. वाटेच्या काठाला रेन लिलीचे कंद ५-५ इंचांच्या अंतराने. पहिल्या सरींबरोबर फुलतात. कन्हेर नवतप्यात सगळ्यांत भक्कम, पण तिचा प्रत्येक भाग विषारी आहे. घरात लहान मुलं किंवा गाय-बकरी असेल तर नकोच. बोगनवेलीला रोज पाणी दिलं की नुसती पानं फुटतात. माती वाळू द्या, मग फुलं बघा. अडेनियम जमिनीत लावू नका, पावसात बुंधा सडतो. ते कुंडीत घालून उंचवट्यावर ठेवा.

एक्झोरा आणि अनंत घ्यायचा मोह होईल. आपल्या मातीत चुना जास्त, बोअरचं पाणीही जड. त्यामुळे लोह मातीत असूनही झाडाला मिळत नाही. शिरा हिरव्या, बाकी पान पिवळं, असं दिसलं की ओळखा. संत्र्याच्या बागेतही हेच होतं. मातीत हिराकस (फेरस सल्फेट) टाकून उपयोग नाही, चुन्याशी बांधला जातो. लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस आणि १ ग्रॅम सायट्रिक ॲसिड मिसळून नव्या पानांवर संध्याकाळी फवारा, पंधरा दिवसांनी पुन्हा. मातीतून द्यायचंच असेल तर ईडीडीएचए चिलेटेड लोह. ईडीटीए प्रकारचं चिलेट चुनखडीत टिकत नाही.

चाफ्याला संत्र्यासारखं दुहेरी आळं करा. आतलं आळं बुंध्याभोवती कोरडं राहतं, पाणी बाहेरच्या आळ्यात. बुंध्याला पाणी लागून होणारी सड टळते. रोपं जुलैत लावा, म्हणजे उन्हाळ्यापूर्वी मुळं खोल जायला आठ-नऊ महिने मिळतात.

आंगण_आखणी

तिसऱ्या प्रश्नाबद्दल. मिश्र बाग सांभाळायची तर दगडात कंजूष व्हा आणि झाडांत उदार. दोनच दगड ठेवा: पायवाटेला फिकट रंगाचा एक, आणि मोठ्या धोंड्यांना आपला काळा पाषाण. गिट्टीखदान या वस्तीचं नावच त्याच्या खाणींवरून पडलंय, इथे तो उपराही वाटत नाही. पांढरे चकचकीत गोटे टाळा. पश्चिमेचं ऊन ते थेट घरात फेकतात, आणि वर्षभरात शेवाळ-मातीने काळवंडतात.

धोंडे तीन किंवा पाच, वेगवेगळ्या आकारांचे, आणि एक तृतीयांश जमिनीत गाडलेले. नुसते वर ठेवलेले धोंडे ट्रकमधून सांडल्यासारखे दिसतात. धोंड्याच्या पश्चिमेला फूटभर अंतरात नाजूक पानांचं काही लावू नका, तापून करपतं. पूर्वेची सावली मात्र मुळांना गार ठेवते, मोगरा तिथे द्या.

एकच झाड किमान तीन जागी पुन्हा यायला हवं. तुमच्याकडे ते गवती चहाचं ठोंब होऊ शकेल: फाटकाजवळ, मध्ये, आणि पायरीच्या बाजूला गिट्टीच्या पट्ट्याबाहेर. बाकी काहीही वेगळं असलं तरी डोळा त्याच्या आधाराने चालतो. जातं, पाटा, उखळ एका रांगेत मांडू नका. जातं वाटेच्या वळणावर एकटंच ठेवा, पाटा पायरीपाशी जमिनीच्या पातळीत बसवा, उखळ उंचवट्याच्या मध्यावर. उखळात पाणी साचू देऊ नका, डासांची घाण होते. तळाला छिद्र पाडून घ्या आणि त्यात चिनी गुलाब लावा. हिवाळ्यात तो थांबतो, फेब्रुवारीअखेर पुन्हा धरतो.

बेसा_पश्चिममुखी

उखळाला छिद्र पाडताना तडा जाणार नाही ना? दगड काळाच आहे.

फरशीकाम

ड्रिलचा हॅमर मोड बंद ठेवून डायमंड कोअर बिटने पाडा, १२ ते १६ एमएम पुरे. उखळ वाळूच्या पोत्यावर उलटं टेकवा, सतत पाणी सोडत राहा आणि शेवटचा अर्धा इंच हळू घ्या. घाईने दाब दिला तर बिट जिथून बाहेर पडतं त्या बाजूने टवका उडतो.