जुन्या पत्रांवर साल नाही, काळ कसा ठरवायचा?

तासगावकर:
तासगावच्या जुन्या घरातून पत्रांचा गठ्ठा निघालाय. बहुतेक कार्डं बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत, थोडी पत्रं मोडीत. तिथी आहे, साल क्वचितच. काही गंजक्या टाचणीने एकत्र टोचलेली. कोण कोणाचं कोण, हे कसं लावायचं? आणि लॅमिनेशन करावं का?

कृष्णाकाठ:
लॅमिनेशन नको, सेलोटेपही नको! चिकटपट्टीचा गोंद कागदात मुरतो, पिवळा डाग कायमचा राहतो. टाचणी ओढू नका. गंजाने कागद धरलेला असतो, तो फाटतो. खाली पातळ प्लास्टिकची पट्टी सरकवून हलकेच सैल करा. अक्षरं जांभळट असतील तर ती कॉपिंग पेन्सिल. ओलसर बोट लागलं तरी मजकूर पसरतो. सोडण्याआधी प्रत्येकाच्या मागे मऊ पेन्सिलीने क्रमांक घाला. एकत्र टोचलेली पत्रं बहुधा एकाच प्रकरणाची असतात, तो क्रम मोडला की दुवा गेला.

वाईकर:
आधी पत्ता वाचा. ‘जि. दक्षिण सातारा’ असेल तर ऑगस्ट १९४९ नंतरचं. १९६० मध्ये त्याच जिल्ह्याचं नाव सांगली झालं. जुनं नाव लिहायची सवय लगेच सुटत नाही, म्हणून टपालाचा शिक्काही भिंगाने बघा. छापील तिकिटावर ‘नये पैसे’ म्हणजे एप्रिल १९५७ नंतर. पिनकोड १९७२ पासून.
शक दिला असेल तर ७८ मिळवा, पण जानेवारी ते गुढीपाडवा ७९. माघ शके १८४५ म्हणजे १९२४, १९२३ नव्हे. वंशावळीत एक वर्षाचा घोळ बहुतेक इथेच होतो.

कृष्णाकाठ:
नात्यासाठी मायना सोडू नका. ‘तीर्थरूप’ सख्ख्या आई-वडिलांना, ‘तीर्थस्वरूप’ चुलते, मामा, सासरे यांना. एकाच बाईला आधी ‘सौ.’ आणि पुढे ‘गं. भा.’ लिहिलंय? मधल्या काळात नवरा गेला. ते कळवणारं पत्र मात्र सहसा सापडत नाही, कारण कोपरा फाडलेलं कार्ड वाचून लगेच फाडून टाकत, घरात ठेवत नसत.

तासगावकर:
असं एक आहे! चैत्रात ‘सौ.’, भाद्रपदात ‘गं. भा.’

वाईकर:
मग जमिनीचा वारस फेरफार, म्हणजे वारसांची नावं चढवल्याची नोंद काढा, त्यात मृत्यूची तारीख बहुधा असते. नाहीतर तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४, म्हणजे गावातल्या जन्ममृत्यूंची नोंद असलेलं कोतवाल बुक मागा. गावाचं नाव आणि अंदाजे साल अर्जात द्यावं लागतं. मोडीतली नावं तिथूनच पडताळा. शब्द सलग लिहिलेले असतात, अंदाजाने तोडले की माणूस बदलतो.