अलॉटमेंटचं पहिलं वर्ष: कोर्जेट आवरेना, कोथिंबीर टिकेना, सल्ला द्या

अर्धा_प्लॉट

नमस्कार मंडळी, इतकी वर्षं नुसती वाचनमात्र होते, आज गळ्याशी आलंय म्हणून लिहितेय. तीन वर्षं वेटिंग लिस्टवर काढल्यावर यंदा मार्चमध्ये एकदाची अलॉटमेंट (कौन्सिल, म्हणजे इथली नगरपालिका, भाजी लावायला भाड्याने देते तो जमिनीचा तुकडा) मिळाली, इंग्लंडात मिडलंड्समध्ये आहोत. अर्धा प्लॉट आहे, कौन्सिलच्या कागदावर पाच रॉड असं लिहिलंय, म्हणजे साधारण सव्वाशे चौरस मीटर, मला वाटलं होतं एवढंसंच तर आहे.

तर एप्रिलमध्ये खिडकीत कोर्जेटच्या, म्हणजे झुकिनीच्या, सहा बिया लावल्या, सहाच्या सहा उगवल्या, आणि उगवलेलं रोप फेकून द्यायचं म्हणजे जिवावर येतं ना, सगळी लावली. जुलैत आठ दिवस फिरायला गेलो, परत येऊन बघते तर पानांखाली तान्ह्या बाळाएवढाले दुधी झोपलेत. शेजाऱ्यांना इतके वाटले की आता मी बेल वाजवली की आतून टीव्ही बंद होतो असा मला दाट संशय आहे. मुलं हिरवं काही दिसलं की ताट सरकवतात. नवरा म्हणतो अजून एकदा ती भाजी केलीस तर मी ऑफिसातच जेवून येईन.

रनर बीन्सचं पण तेच, किलोकिलोने येतायत आणि चावताना सुतळी चावल्यासारखं वाटतं. आणि जी मला खरंच रोज लागते ती कोथिंबीर मात्र चार पानं आली की लगेच फुलावर. कालपासून टोमॅटोच्या पानांवर तपकिरी चट्टे दिसायला लागलेत ते वेगळंच. एवढ्या सगळ्याचं करायचं काय आणि पुढच्या वर्षी लावायचं काय, सांगा प्लीज.

कोथिंबिरीची_जुडी

अगं सहा?! चार माणसांच्या घराला दोन झाडं पुष्कळ होतात, मी तर एकावर भागवते. पहिल्या वर्षी सगळेच हे करतात, मी पाच लावली होती, तेव्हा वाईट वाटून घेऊ नकोस, पण उद्या जाऊन त्यातली तीन सरळ उपटून टाक. खरंच सांगतेय. स्वयंपाकघरात कितीही डोकं लढवलंस तरी ऑगस्टमध्ये सहा झाडांना पुरं पडणं कोणाच्या बापाला जमायचं नाही.

राहिलेल्यांची फळं बोटभर असतानाच काढ, १० ते १५ सेंटिमीटर, एक दिवसाआड फेरी मारायचीच. जी बाळं झाली आहेत त्यांना कोर्जेट समजूच नकोस, जून दुधी समज. साल काढायची, मधला बियांचा गाभा चमच्याने खरवडून टाकायचा आणि भिजवलेली चणाडाळ घालून दुधीची करतो तशी भाजी. आमच्याकडे पाहुण्यांना कळलं पण नाही.

मुलांसाठी थालीपीठ. किसून मीठ लावून दहा मिनिटं ठेव, भरपूर पाणी सुटतं, ते पिळून टाकू नकोस, त्यातच भाजणी भिजव, वरून पाण्याचा थेंब घालायचा नाही. बरेच जण इथेच चुकतात, आधी सवयीने पाणी घालतात, मग पीठ सैल होतं, मग अजून भाजणी, मग डबा संपतो. कांदा, तीळ, ओवा घालून तव्यावर थापलं की हिरवं आहे हे कोणाच्या लक्षात येत नाही. नाहीतर पीठ पेरून कर.

आणि फुलं! ज्या फुलामागे बारकं फळ नसतं, नुसता दांडा असतो, ती नर फुलं. ती सकाळी उमललेली तोडून भजी कर, दोनचार ठेव फक्त परागीकरणाला. फुलं खाल्ली की फळं कमी होतात असं मला वाटायचं, तसं काही होत नाही, फळं धरतात ती मादी फुलं.

निवांत_नाना

जुडीताईंनी सगळं बरोबर सांगितलंय, एक राहिलं, ते महत्त्वाचं आहे म्हणून आधी लिहितो. कोर्जेट असो की भोपळा, चिरल्यावर एक फोड जिभेला लावून बघायची, आपल्याकडे आई दुधीची करायची तशीच. कडू लागलं तर सगळं फेकून द्यायचं, भाजीत खपवायचं नाही, शिजवून ते जात नाही आणि पोटाचे फार हाल होतात. घरी धरलेल्या बियांत हा प्रकार जास्त, शेजारच्या शोभेच्या भोपळ्याशी संकर झाला की पुढच्या पिढीत कडूपणा येतो. म्हणून या कुळातल्या बिया मी धरत नाही, दरवर्षी पाकीट आणतो.

टोमॅटोचे चट्टे. पानांच्या कडेने पसरतायत, खोडावर पण काळपट डाग आहेत आणि मागच्या आठवड्यात उबदार पाऊस झाला असेल तर करपा आहे, बटाट्याला येतो तोच. इथे त्याचा अंदाज बांधायचं गणित आहे, लागोपाठ दोन दिवस तापमान १० अंशांच्या खाली गेलं नाही आणि दोन्ही दिवस किमान सहा तास ९० टक्के आर्द्रता असली की धोका. उघड्यावरच्या टोमॅटोला ऑगस्टात हे ठरलेलंच. औषध शोधत बसू नका, घरच्या बागेला त्यावर मारायला काही मिळत नाही. आजच जाऊन डाग नसलेली सगळी फळं काढा, हिरवी असली तरी. झाडं उपटून कौन्सिलच्या हिरव्या कचऱ्याच्या डब्यात. बटाटे असतील तर वरचा पाला जमिनीलगत कापा आणि दोन आठवडे तसेच ठेवून मग खणा, नाहीतर पाल्यावरचे बीजाणू बटाट्याला लागतात.

पुढच्या वर्षी टोमॅटोच्या क्रिमझन क्रश किंवा माउंटन मॅजिक या जाती लावून बघा, करप्याला बरीच तग धरतात. बटाट्यात सार्पो मीरा ही जात. चवीला बटाटा ठीकठाक आहे, पण शेजाऱ्यांचे प्लॉट काळे पडलेले असताना आपला हिरवागार बघण्यात एक वेगळंच सुख असतं, खोटं कशाला बोलू.

मिरचीकर

कोथिंबिरीचं उत्तर मी देतो, यात चार वर्षं घालवली आहेत. इथला उन्हाळ्यातला दिवस सोळा-सतरा तासांचा, कोथिंबिरीला तो मोठा दिवस आणि कोरडी माती मिळाली की ती थेट फुलावर जाते. तुमची काही चूक नाही. मे-जून-जुलैत पेरायचीच नाही. मार्च-एप्रिलमध्ये एकदा आणि मग थेट ऑगस्टच्या शेवटी. जिथे हवी तिथेच पेरायची, रोप उचलून लावलं की रुसते. किराणातले धने हलके रगडून दोन फाकी केले की चालतात, उगवले नाहीत तर डबा जुना आहे एवढंच. सप्टेंबरात पेरलेली मी काचेच्या झाकणाखाली डिसेंबरपर्यंत कापतो.

मधल्या महिन्यांत मेथी पेरा. भाजीच्या डब्यातलेच मेथीदाणे, दाट फेकायचे, महिना-दीड महिन्यात जुडी. जिथून लसूण किंवा बटाटे निघाले तिथे रिकामी जागा ठेवण्यापेक्षा मेथी.

एका गोष्टीत सगळ्यांशी भांडण आहे माझं. गोगलगायींना बिअरचे वाडगे ठेवा असं जो तो सांगतो. मी ठेवले. शेजारच्या चार प्लॉटवरच्या पण माझ्याकडे आल्या बहुतेक. रात्री टॉर्च घेऊन हाताने वेचणं हा एकच उपाय मला लागू पडलाय, पाऊस पडून गेल्यावर दहाच्या सुमारास.

अर्धा_प्लॉट

बापरे किती लिहिलंत सगळ्यांनी. काल संध्याकाळी जाऊन तीन झाडं उपटली, उपटताना हात थरथरले हो. टोमॅटो करपाच निघाला, खोडं काळी होती. आता घरात दोन घमेली हिरवे टोमॅटो आहेत. आणि शेडमध्ये आधीच्या प्लॉटवाल्याने ठेवलेला निळ्या गोळ्यांचा डबा मिळालाय गोगलगायींचा, तो वापरू का? मुलगा कोंबड्या पाळायच्या म्हणतोय तेही विचारून घेते. रनर बीन्स राहिल्याच.

शेंगदाण्याचं_कूट

हिरव्या टोमॅटोची चटणी!! हे काय विचारणं झालं. फोडी तेलावर मऊ होईपर्यंत परत, मिरच्या लसूण त्यातच, भाजलेले तीळ आणि कूट, चिमूटभर गूळ, जाडसर वाट. छोट्या डब्यांतून फ्रीझरमध्ये टाक, आमच्याकडे फेब्रुवारीपर्यंत पुरते. आधी मोठे मोठे निवडून खणात एका पिकल्या केळ्याबरोबर ठेव, पिकतील, पण रोज उघडून बघायचं, करप्याच्या झाडावरचं फळ वरून छान दिसतं आणि तिसऱ्या दिवशी आतून तपकिरी. तसं दिसलं की बाहेर.

रनर बीन्स वितीएवढ्या व्हायच्या आत तोडायच्या. वाकवल्यावर कट् आवाज आला पाहिजे. दोन्ही कडांच्या शिरा काढायच्या, तिरप्या बारीक चिरायच्या आणि फरसबीसारखी ओलं खोबरं घालून. जास्तीच्या उकळत्या पाण्यात दोन मिनिटं, लगेच गार पाण्यात, पुसून फ्रीझरमध्ये. ज्या जून झाल्यात त्या वेलीवर वाळू दे, आतले जांभळे ठिपकेवाले दाणे राजम्यासारखे लागतात, उसळ होते मस्त. फक्त रात्रभर भिजवून पाणी टाकायचं आणि दहा मिनिटं खळखळून उकळायचेच, राजम्याचा नियम तोच याला, स्लो कुकरमध्ये कच्चे टाकायचे नाहीत.

आता माझं लाडकं. तुझ्या प्लॉटवर एक तण असेल, पानाच्या मागे पीठ भुरभुरल्यासारखं पांढरं, शेंड्याला पण तसंच. इथले लोक फॅट हेन म्हणतात आणि उपटून फेकतात. अगं तो चाकवत आहे! मी पहिल्या वर्षी तीन महिने चाकवत उपटून ढिगावर टाकत होते आणि घरी येऊन फ्रोझन पालक आणत होते. शेजारच्या प्लॉटवरच्या आजोबांना विचारून त्यांचाही घेऊन आले, त्यांना वाटलं मी त्यांचं तण काढून देतेय, दुसऱ्या दिवशी मला एक कॉलीफ्लॉवर दिला. ताकातला चाकवत, वर लसणीची फोडणी. ओळख नक्की पटल्याशिवाय मात्र खाऊ नकोस, पहिल्यांदा कोणातरी जाणत्याला दाखव.

निवांत_नाना

निळा डबा वापरू नका. जुना असेल तर त्यात मेटाल्डिहाइड हे गोगलगायींचं विष असण्याची शक्यता आहे, ३१ मार्च २०२२ नंतर त्याचा बाहेर वापर ग्रेट ब्रिटनमध्ये बेकायदा आहे. केरात पण टाकू नका, कौन्सिलच्या रीसायकलिंग सेंटरला फोन करून घातक कचऱ्यात द्या. हल्ली मिळतात त्या फेरिक फॉस्फेटच्या गोळ्या, त्या चालतात.

कोंबड्यांना अलॉटमेंटच्या १९५० च्या कायद्याने परवानगी आहे, कोंबड्या आणि ससे, घरापुरते, धंदा करायचा नाही. कोंबडा नाही. ऑक्टोबर २०२४ पासून एक कोंबडी असली तरी सरकारदरबारी नोंद करावी लागते. पण रोज सकाळ-संध्याकाळ जाणं होणार आहे का ते मुलाला विचारा, त्याच्या उत्तरावर ठरवा.

पुढच्या वर्षीचं म्हणाल तर मी वहीत एकच गोष्ट लिहितो, आठवड्याला बाजारातून आपण काय विकत आणतो. आमच्याकडे लसूण, कांदा, मेथी, कोथिंबीर, पालेभाजी. तर जागा त्यांना. लसूण ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावा, थंडी लागल्याशिवाय गड्डा फुटत नाही, जुलैत निघतो. दुकानातला खायचा लसूण लावू नका, पांढरी कुज हा बुरशीचा रोग घेऊन आला तर ती मातीत पंधरा-वीस वर्षं राहते. पालक इथे पटकन फुलावर येतो, त्याऐवजी चार्ड ही पालकासारखीच पालेभाजी लावा, डाळ-दाणे घालून पातळ भाजी फर्मास होते. नवलकोल लावा.

आणि शेणखत आणणार असाल तर थांबा. दोन वर्षांपूर्वी ट्रेलरभर फुकट मिळालं म्हणून मी पसरलं, टोमॅटोची पानं नेच्यासारखी वळून गोळा झाली. गवतावर मारलेलं तणनाशक घोड्याच्या पोटातून जसंच्या तसं खतात येतं. आता आधी कुंडीत थोडं खत घालून त्यात ब्रॉड बीन्स लावतो, शेंडा सरळ वाढला तरच जमिनीत.

मिरचीकर

नाना, लसूण दुकानातलाच लावतो मी, सहा वर्षं झाली, काही झालं नाही.

निवांत_नाना

सहाच झाली ना. ☺

अर्धा_प्लॉट

आज चाकवत सापडला, खताच्या ढिगाच्या बाजूलाच कमरेएवढा! शेजारच्या काकूंनी पण फॅट हेनच म्हणून सांगितलं. कोवळे शेंडे खुडून आणलेत, ताक घुसळलंय. थालीपीठ धाकट्याने दोन खाल्ली, थोरल्याने विचारलं यात ते आहे ना, मी म्हटलं काय ते, तर गप्प खाल्लं. धने रगडून ठेवलेत, रविवारी पेरते. एक विचारायचं राहिलं, आधीचा प्लॉटवाला रुबार्बचा मोठा गड्डा सोडून गेलाय, आपल्यात त्याचं कोणी काही करतं का?

शेंगदाण्याचं_कूट

करतं म्हणजे काय, दांडे कैरीसारखे चिरून आमटीत आणि मेथांब्यात! पानं मात्र विषारी, ती थेट कंपोस्टात. पण आता नको, जूनअखेरीनंतर त्याला सुट्टी द्यायची. एप्रिलमध्ये धागा वर काढ, मेथांब्याचं प्रमाण देते.