लाइव्ह व्ह्यूमध्ये उडत्या फ्लेमिंगोंवर फोकस टिकत नाही, काय करू?

खाडीकाठची, नेरूळ
नमस्कार मंडळी. सीवूड्सजवळच्या डीपीएस तलावावर फ्लेमिंगो आले की सकाळी कॅमेरा घेऊन जाते. एंट्री लेव्हलचा डीएसएलआर (आरशाचा कॅमेरा) आहे, स्क्रीन बाहेर वळणारी, सोबत 70-300 एमएमची लेन्स. पाण्यालगतचा कोन हवा असतो, पण मानेच्या दुखण्यामुळे वाकून व्ह्यूफाइंडरला डोळा लावता येत नाही, म्हणून लाइव्ह व्ह्यू, म्हणजे स्क्रीनवर बघून फोटो. चरणारे पक्षी छान येतात. थवा उडाला की पहिली फ्रेम बरी, पुढच्या सगळ्या मऊ, धूसर. ट्रॅकिंगची चौकट पक्ष्याबरोबर हलताना दिसते, तरीही! लेन्स बदलू, कॅमेरा बदलू, की सेटिंगमध्ये काही आहे? बजेट बेताचं आहे.

तलावपाळी, ठाणे
लेन्सवर खर्च करू नका. ऐरोलीकरांची वाट बघा, त्यांचा हा विषय आहे.

ऐरोलीकर
ताई, डीएसएलआरमध्ये पाठलाग करणारा फेज डिटेक्ट सेन्सर तळाशी असतो. मुख्य आरशामागचा छोटा आरसा त्याला प्रकाश पुरवतो. फोकस पुढे आहे की मागे, आणि किती, हे त्याला एका मोजणीत कळतं. म्हणून पक्षी पुढच्या क्षणी कुठे असेल याचा अंदाज बांधून कॅमेरा लेन्स आधीच सरकवतो.

लाइव्ह व्ह्यू लावलं की आरसा वर जातो आणि त्या सेन्सरवर अंधार पडतो. मग मुख्य सेन्सरवरच्या चित्राचा कॉन्ट्रास्ट (उजळ-गडद भागांतला फरक) मोजायचा: लेन्स पुढे न्यायची, कॉन्ट्रास्ट उतरायला लागला की परत आणायची. जुन्या रेडिओची सुई फिरवून स्टेशन लावावं तसं. स्टेशन जागच्या जागी असतं, फ्लेमिंगो नाही. त्यात धुरकट सकाळ आणि करडं पाणी, म्हणजे कॉन्ट्रास्ट आधीच कमी.

तुमची चौकट हलते ती रंग आणि आकार ओळखून. पक्षी चित्रात कुठे आहे ते तिला कळतं, तो किती लांब आहे ते नाही. निकॉनच्या बऱ्याच डीएसएलआरमध्ये लाइव्ह व्ह्यूत एएफ-एफ (आपोआप सतत फोकस) असतं, पण शटर अर्धं दाबलं की फोकस लॉक होतो आणि बर्स्टच्या, म्हणजे सलग काढलेल्या, सगळ्या फ्रेम त्याच अंतरावर येतात.

सगळे डीएसएलआर असे नाहीत. कॅननने 2013 साली 70डी मध्ये ड्युअल पिक्सेल (मुख्य सेन्सरवरच फेज डिटेक्ट) आणलं, तरी त्यावर लाइव्ह व्ह्यूत फोटोंसाठी सर्व्हो (पाठलाग करणारा सतत फोकस) मिळायला 2016 चा 80डी यावा लागला. निकॉनच्या 2020 च्या डी780 मध्येही मुख्य सेन्सरवरच फेज डिटेक्ट आहे.

खाडीकाठची, नेरूळ
म्हणजे आहे त्या कॅमेऱ्यात उडते पक्षी हवे असतील तर व्ह्यूफाइंडरच?

ऐरोलीकर
पाठलागासाठी होय. पण वाकायची गरज नाही. आयपीसवर (व्ह्यूफाइंडरच्या डोळा लावायच्या भागावर) बसणारा राइट अँगल फाइंडर मिळतो, वरून खाली बघायचं. तुमच्या आयपीसला बसतो का, एवढं विचारून घ्या. मग सतत फोकस आणि नऊ किंवा एकवीस फोकस पॉइंटचा गट. माझं मत विचाराल तर पहिला खर्च हाच.

लाइव्ह व्ह्यू सोडायचंच नसेल तर पक्षी आडवे जातील अशी जागा धरा. फ्लेमिंगो पाण्यावर धावत वाऱ्याच्या दिशेला तोंड करून उठतात. वारा डावीकडून किंवा उजवीकडून येईल असे उभे राहा, म्हणजे अंतर फार बदलत नाही. 300 एमएमला, एफ/8 छिद्रावर, 40 मीटरवरच्या पक्ष्यासाठी पुढचं-मागचं मिळून सुमारे 5 मीटर अंतर स्पष्ट येतं. तेवढ्यात लॉक झालेला फोकस पुरतो. समोरून अंगावर येणारा थवा मात्र या पद्धतीने मिळणार नाही.

पामबीच_पहाट
वेळही सांगते. ओहोटीला थवे खाडीच्या चिखलावर पांगलेले असतात. भरतीने चिखल बुडाला की तलावांकडे येतात. वेळापत्रक बघून तासभर आधी पोहोचा, उतरणारे थवे मिळतील. आणि काठावर फार पुढे जाऊ नका हो, मुद्दाम उडवायचं तर मुळीच नाही.

तलावपाळी, ठाणे
कधी मिररलेस (बिनआरशाचा कॅमेरा) घ्याल तेव्हा आधी दोन दिवस भाड्याने आणून याच तलावावर वापरा. कॅनन आर10 पक्षी ओळखून पाठलाग करतो, तोही वळवलेल्या स्क्रीनवर, म्हणजे मानेचा प्रश्नच सुटतो. जुनी लेन्स टाकू नका. कॅननच्या ईएफ आणि ईएफ-एस लेन्सना अडॅप्टरवर ऑटोफोकस मिळतो. निकॉनच्या एफटीझेड अडॅप्टरवर एएफ-एस आणि एएफ-पी लेन्स ऑटोफोकससह चालतात. बॉडीतल्या मोटरवर चालणाऱ्या जुन्या एएफ-डी लेन्सना मात्र त्यावर हातानेच फोकस करावा लागतो. तुमच्या 70-300 वर यातलं काय लिहिलंय ते बघून इथे टाका, पुढचं त्यावर ठरवू.